पाऊस पडायचा थांबला

१९९३च्या पावसाळ्यात पोलादपूर तालुक्यातल्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवायला लागलो. आठवीला 'पावसाळ्यातला एक दिवस' हा निबंध दिला, आणि वहीमागून वहीत तेच वाक्य आलं : 'इट स्टॉप्ड टू रेन.' मी लाल शाईने 'टू रेन' खोडत आणि 'रेनिंग' लिहीत गेलो. का, ते मुलांनी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं. माझ्याकडे एक यादी होती. एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, माइंड यांच्यापुढे 'आयएनजी'. वाँट, होप, डिसाइड, रिफ्यूज यांच्यापुढे 'टू'. मी ती फळ्यावर लिहायचो, मुलं पाठ करायची, चाचणीत गाळलेल्या जागा बिनचूक भरायची. पुढच्या निबंधात पुन्हा 'इट स्टॉप्ड टू रेन'.

नोकरीची तीस वर्षं संपली तेव्हा जुन्या टाचणवह्या काढून बसलो. त्यात ही यादी दरवर्षी थोडी लहान होत गेलेली दिसते आणि तिच्या जागी मराठी वाक्यं येत गेलेली दिसतात. ती मुलांचीच वाक्यं आहेत.

चूक कुठून येते ते आधी कळलं. मराठीत 'मला पोहायला आवडतं', 'जायला हवं', 'शिकायला सुरुवात केली'. हा '-ायला' मुलाच्या तोंडी दिवसभर असतो, आणि '-ायला' म्हणजे 'टू' हे गणित तो आपणहून मांडतो. पुष्कळदा ते सुटतंही. 'लाइक' दोन्ही चालवून घेतं, 'वाँट'ला 'टू'च लागतो. 'एन्जॉय'पाशी मात्र गणित फसतं आणि 'आय एन्जॉय टू स्विम' होतं. इथे मराठीची मदत नाही, कान तयार व्हायला हवा, हे मी तेव्हाही सांगत होतो आणि आजही सांगतो.

पण 'स्टॉप्ड टू रेन'चं तसं नाही. ते समजायला मला पाच वर्षं लागली. नववीतला एक मुलगा उशिरा आला. दारातूनच म्हणाला, "सर, वाटेत मामाशी बोलायला थांबलो." आत येऊन शेजाऱ्याशी कुजबुजू लागला, तेव्हा मी म्हणालो, "आता बोलायचा थांब." आणि माझंच वाक्य माझ्या कानाला लागलं. बोलायला थांबणं आणि बोलायचं थांबणं! स्टॉप टू टॉक आणि स्टॉप टॉकिंग. पाऊस पडायला थांबला, असं पोलादपुरातलं चार वर्षांचं पोरही म्हणत नाही. ते म्हणतं, पाऊस पडायचा थांबला. हा भेद मी इंग्रजीतून शिकवायला निघालो होतो, आणि तो वर्गातल्या प्रत्येकाच्या जिभेवर आधीच होता.

मग तशी वाक्यं सापडत गेली. 'कडी लावायला विसरले' म्हणजे कडी लावलीच नाही, आणि 'कडी लावल्याचं विसरले' म्हणजे लावली, पण लक्षात राहिलं नाही. इंग्रजीत पहिल्याला 'टू लॉक', दुसऱ्याला 'लॉकिंग'. 'पैसे घ्यायला नकार दिला' याला 'रिफ्यूज्ड टू टेक', आणि 'पैसे घेतल्याचं नाकारलं' याला 'डिनाइड टेकिंग'. मराठीतलं '-ायला' पुढे बघतं, '-ल्याचं' मागे बघतं. इंग्रजीतला 'टू' बहुतेकदा अजून व्हायच्या गोष्टीकडे बोट दाखवतो आणि 'आयएनजी' झालेल्या किंवा चालू असलेल्या गोष्टीला धरून राहतं. सगळीकडे नाही. 'सजेस्ट' आणि 'कन्सिडर' पुढच्या गोष्टीविषयी असूनही 'आयएनजी' घेतात, आणि अर्जाच्या शेवटी 'लुकिंग फॉरवर्ड टू'च्या पुढे 'मीट' लिहिणारे चाकरमानी मी कितीतरी पाहिले. तिथला 'टू' हा निराळाच 'टू' आहे, त्याच्यापुढे 'मीटिंग' हवं. तरीही रिमेंबर, फर्गेट, स्टॉप, रिग्रेट, रिफ्यूज, डिनाय एवढ्यांची गाठ मराठीने सुटली, आणि रोजच्या बोलण्यात हीच क्रियापदं जास्त अडवतात.

नकाराचं उदाहरण मी नेहमी शेजारच्या महाडचं देत असे. दासगावच्या रा. बा. मोरे यांना शिष्यवृत्ती मिळूनही अस्पृश्य म्हणून महाडच्या इंग्रजी शाळेने प्रवेश द्यायला नकार दिला होता; वर्तमानपत्रात पत्र लिहून दाद मागितल्यावर तो मिळाला. हेच मोरे पुढे मार्च १९२७ची परिषद आणि चवदार तळ्याचा सत्याग्रह घडवून आणणाऱ्यांत होते. 'द स्कूल रिफ्यूज्ड टू अॅडमिट हिम.' इथला 'टू' मुलं कधी विसरली नाहीत. महाड तालुक्यातल्याच नाते गावी १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख लंडनला आयसीएसच्या परीक्षेत पहिले आले. इंग्रजीचं दार कुणाला उघडं होतं आणि कुणाला नव्हतं, हे मुलांना कळल्याशिवाय त्या भाषेचं व्याकरण शिकवणं मला अपुरं वाटतं.

राज्यात २०००पासून पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी आमच्याकडे ते पाचवीला सुरू व्हायचं. नवी मुलं थोडा तयार कान घेऊन येऊ लागली, एवढं खरं. पण त्याहून मोठा साठा एमआयडीसीने आणि मुंबईने गावात आणून ठेवलेला होता : वेल्डिंग, फिटिंग, पॅकिंग, बुकिंग, पार्किंग, ट्रेकिंग. मराठीने 'आयएनजी'वाले शब्द डझनाने घेतले, 'टू'वाला एकही घेतला नाही, कारण 'आयएनजी' नाम होऊन येतं आणि नामाला मराठी प्रत्यय लगेच चिकटतात. वेल्डिंगचं, पॅकिंगला, बुकिंगमध्ये. असं नाम झालेलं 'आयएनजी', म्हणजे जेरंड, काय असतं, हे आयटीआयला निघालेल्या मुलाला वेगळं सांगावं लागत नाही. दुःख याचं, की '-ायला', '-ल्याचं' ही धातुसाधितं मराठीच्या तासाला आणि जेरंड इंग्रजीच्या तासाला शिकवली जातात, आणि दोन्ही तास एकमेकांना भेटत नाहीत. लहान शाळेत तर कित्येकदा दोन्ही तास एकच मास्तर घेतो. मीही घेत होतो.

२ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्री नदीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल पुरात कोसळला. दोन एसटी गाड्या माणसांसह वाहून गेल्या. महाड आणि पोलादपूरमधला तो रोजचा रस्ता. त्या महिन्यात एका मुलीने लिहिलं, 'आय रिमेंबर टू क्रॉस द ब्रिज.' मी लाल पेन बाजूला ठेवून तिला मराठीत विचारलं, पूल ओलांडायचं लक्षात आहे, की ओलांडल्याचं आठवतं? ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "ओलांडल्याचं. आता ओलांडायला कुठंय?" तिने स्वतःच 'क्रॉसिंग' केलं.

२२ जुलै २०२१ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर आला. ८०हून अधिक माणसं गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथेही दरडी कोसळल्या, महाडची बाजारपेठ पाण्याखाली होती. शाळा पुन्हा भरली तेव्हा दहावीची एक मुलगी तासानंतर थांबली.

"सर, 'भेटायचं राहिलं' याला इंग्रजीत काय म्हणतात?"

कुणाला, ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. थांबणं नाही, विसरणं नाही, नकारही नाही. आमच्या यादीत न बसणारं वाक्य होतं. बराच विचार करून मी फळ्यावर लिहिलं, 'आय नेव्हर गॉट टू मीट हर.'

"मीटिंग का नाही?" तिने विचारलं. मी खडू ठेवेपर्यंत तीच म्हणाली, "भेट झालीच नाही ना, म्हणून."