गोठवलेला उंदीर आणि पाळीव साप

पाळलेल्या सापाला मेलेला, गोठवलेला आणि खायला देण्यापूर्वी वितळवून उबदार केलेला उंदीर द्यावा, ही पद्धत आता सर्पपालनात सर्वमान्य झाली आहे. जिवंत उंदीर पेटीत सोडला आणि साप भुकेला नसला, तर कोंडलेला उंदीर सापालाच कुरतडतो. अशा चाव्यांनी डोळा जातो, पाठीचे मांस उघडे पडते, जखम चिघळून साप मरतोही. उंदराचेही हाल होतात. गोठवलेल्या उंदराने हे टळते. मात्र मेलेले मांस किती वेळ कोणत्या तापमानात राहिले, याचा हिशेब त्यानंतर पाळणाऱ्याला ठेवावा लागतो.

बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांत हा विषय कायद्यापासून सुरू करावा लागतो. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या भागांतल्या रानात दिसणारे नाग, घोणस, धामण किंवा अजगर पकडून घरी ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. घरात निघालेला साप सर्पमित्राने पकडला तरी वनखात्याला कळवून तो सोडायचा असतो. पेटीत ठेवून उंदीर खाऊ घालण्यासाठी तो नसतो. पाळता येतात ते परदेशी साप, मुख्यतः आफ्रिकेतला बॉल पायथन आणि अमेरिकेतला कॉर्न स्नेक. त्यांतला बॉल पायथन आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाच्या यादीत असल्यामुळे २०२४ च्या नियमांनुसार त्याची नोंदणी परिवेश या सरकारी संकेतस्थळावर करावी लागते. पुढचे सगळे लागू आहे ते अशा कायदेशीर सापांनाच.

आता उंदीर कुठला घ्यायचा ते पाहू. कलबुर्गीकडे तुरीच्या शेतात व डाळीच्या कोठारात उंदरांना तोटा नाही. पण हा फुकटचा उंदीर पाळीव सापासाठी कधीही घेऊ नये. शेतकरी झिंक फॉस्फाइड किंवा ब्रोमॅडिओलोनची आमिषे ठेवतात. आमिष खाल्लेला उंदीर लगेच मरतोच असे नाही, आणि विष त्याच्या पोटात किंवा यकृतात असताना सापाने तो गिळला तर ते सापालाही बाधते. शिवाय रानातल्या उंदराच्या अंगावर गोचीड-पिसवा आणि आत जंत असतात. खाद्य म्हणून मुद्दाम वाढवलेले पांढरे उंदीरच विश्वासाचे. हैदराबादसारख्या शहरातून, म्हणजे बिदरपासून सुमारे १४० किलोमीटरवरून ते आणायचे, तर जाड थर्माकोलच्या डब्यात भरपूर बर्फ घालूनच आणावेत. पिशवीत उंदीर एकमेकांना चिकटून एकच गोळा झाले असतील, तळाशी रक्ताळ पाणी गोठलेले असेल, तर ते वाटेत वितळून पुन्हा गोठले आहेत असे समजून टाकून द्यावेत.

आकाराचा अंदाज सोपा आहे: उंदीर सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढा किंवा किंचित मोठा असावा. सापाच्या पिल्लाला उंदराचे बिनकेसाचे कोवळे पिल्लू आठवड्याला एक पुरते. वाढ पूर्ण झालेल्या बॉल पायथनला दोन-तीन आठवड्यांतून एकदा खाणे पुरते.

साठवण उणे १८ अंश सेल्सिअसला, शक्यतो वेगळ्या लहान फ्रीझरमध्ये. ही उधळपट्टी नव्हे. गोठवल्याने साल्मोनेला मरत नाही. इंग्लंडमध्ये २०१५ पासून लोकांना झालेल्या साल्मोनेलाच्या एका दीर्घ साथीचा माग गोठवलेल्या उंदरांपर्यंतच लागला. म्हणून स्वयंपाकघरातला ओटा, सिंक, भांडी यांचा या कामाशी संबंध येऊ देऊ नये, आणि लहान मुलांना त्यापासून लांब ठेवावे. दुसरी अडचण विजेची. लाईट गेल्यावर फ्रीझर उघडू नये. तो गच्च भरलेला असेल तर आतला गारवा बराच वेळ टिकतो. लाईट आल्यावर उंदीर मऊ लागले तर त्यांची आशा सोडावी.

वितळवणे दोन टप्प्यांत होते. आदल्या रात्री उंदीर घट्ट बंद प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, सुमारे ४ अंशांवर ठेवावा. छोटा उंदीर सकाळपर्यंत वितळतो, मोठ्याला पूर्ण दिवस लागतो. इथे घाई अंगाशी येते. एप्रिल-मेमध्ये कलबुर्गीचा पारा ४० अंशांवर असताना उंदीर तसाच बाहेर ठेवला, तर कातडी गरम होते आणि पोटात बर्फ राहतो. तोवर आतड्यांतले जिवाणू वाढून पोट फुगू लागते. असा उंदीर गिळलेला साप तो बहुधा ओकतो.

दुसरा टप्पा खाऊ घालण्याच्या जरा आधी. पिशवी न उघडता सुमारे ४० अंशांच्या, म्हणजे हाताला सोसवेल इतक्या गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवावी. पाणी निवल्यास बदलावे. उकळते पाणी आणि मायक्रोवेव्ह दोन्ही टाळावे, त्यांनी पोट फुटते आणि मांस शिजते. नंतर छाती आणि पोट बोटांनी दाबून पाहावे. आत कडक लागले तर पुन्हा पाण्यात. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता टिपणाऱ्या खाचा असतात, त्यामुळे थंड उंदराला तो भक्ष्य मानत नाही. कॉर्न स्नेकला अशा खाचा नसतात, तो वासावर जास्त चालतो.

उंदीर लांब चिमट्याने, शेपटीजवळ धरून सापासमोर हलवावा. हाताने कधीच नाही. साप कात टाकण्याच्या बेतात, डोळे दुधाळ झालेले असताना, सहसा खात नाही. काही तासांत उचलला नाही तर उंदीर काढून पिशवीत बांधून खोल पुरावा. एकदा वितळलेला उंदीर पुन्हा गोठवायचा नाही. चिमटा गरम साबणपाण्याने, हात साबणाने धुवावेत.

खाल्ल्यावर दोन दिवस सापाला हात लावू नये. पचनाला ऊब लागते. बिदर सुमारे सातशे मीटर उंचीच्या पठारावर आहे, तिथल्या डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्री पेटीची एक बाजू ३१-३२ अंशांवर राहील अशी सोय नसेल, तर अन्न पोटात कुजते. सापाने एकदा ओकले तर दोन आठवडे काही देऊ नये, पाणी मात्र ठेवावे, मग लहान उंदीर द्यावा. पुन्हा ओकले तर घरगुती उपाय न करता पशुवैद्य गाठावा. कर्नाटकचे पशुवैद्यकीय विद्यापीठ बिदरमध्येच आहे. सापांवर उपचार करणारा डॉक्टर कुठे मिळेल, याची चौकशी तिथून सुरू करावी, आणि ती साप घरी आणण्याआधी करावी.