पहिल्या पावसाची भाजी : फोडशी आणि शतावरी

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या जुलैमध्ये वसतिगृहात मी घरचा डबा उघडला, तेव्हा शेजारच्या मैत्रिणीने विचारले, "कांद्याची पात का गं?" मी "हो" म्हणून मोकळी झाले. रानातली भाजी म्हटले की पुढचे प्रश्न येतात आणि त्यांची उत्तरे देताना मला तेव्हा लाज वाटे. ती पात कांद्याची नव्हती, फोडशीची होती. त्या खोटेपणाची भरपाई म्हणून हा लेख, असे वाचकांनी समजावे.

आमचे गाव मुरबाड तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी. मृगाचा पाऊस एकदा चांगला कोसळला की थोड्याच दिवसांत उतारावर फोडशी डोके वर काढते. काही ठिकाणी तिलाच कुळीची भाजी म्हणतात. लांब पाने, बुडाशी पांढरी, वर हिरवीगार. त्याच सुमारास काटेरी जाळ्यांतून शतावरीचे कोंब निघतात. शतावरीचा वेल पुष्कळांनी पाहिलेला असतो, पण तिची सुईसारखी बारीक पाने ही पाने नव्हेतच. त्या रूपांतर झालेल्या फांद्या होत. खरी पाने खवल्यांएवढीच उरली आहेत आणि खोडावर त्यांचेच काटे होतात. काटे कडक होण्याआधीचा कोंब तेवढा खाण्याजोगा. तो बोटांनी वाकवावा. जिथे कट्‌कन मोडेल तिथून वरचा भाग घ्यावा, खालचा सोडावा.

दिसायला या दोघींचे काही नाते नाही. पण ग्रंथालयातील जुन्या पुस्तकांत दोघीही कांदा-लसणासह पलांडू कुलात घातलेल्या आढळतात, आणि 2009 साली प्रसिद्ध झालेल्या नव्या वर्गीकरणाप्रमाणे दोघी शतावरीच्याच कुलात आहेत. युरोपात वसंत ऋतूत ज्या ॲस्परॅगसचे एवढे कौतुक होते, तीही शतावरीची सख्खी बहीण. फोडशी म्हणून आपण जी खातो, ती क्लोरोफायटम या प्रजातीतील. तिच्यातल्या एका जातीच्या शास्त्रीय नावात चक्क बोरिवली आहे : क्लोरोफायटम बोरिविलियानम. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकवणाऱ्या फादर सांतापाऊ यांनी आपल्या सहकाऱ्यासह 1950 नंतरच्या दशकात तिचे नामकरण केले. बाजारात जिला सफेद मुसळी म्हणतात ती हीच.

जर्मनीत ॲस्परॅगसची तोडणी 24 जूनला थांबवण्याचा रिवाज आहे. कोंब म्हणजे मुळांनी साठवलेले अन्न. ते आपण तोडून खातो. तोडणी वेळेवर थांबवली तरच उरलेल्या कोंबांना फांद्या फुटतात आणि ऊन खाऊन मुळांची कोठी पुन्हा भरते. याच कारणाने नव्या लागवडीतील कोंब पहिली एक-दोन वर्षे तोडत नाहीत. हे वाचताना मला आई आठवली. तिने शाळेचे तोंड पाहिलेले नाही. पण लहानपणी मी फोडशी मुळासकट उपटली, तेव्हा तिने पाठीत धपाटा घालून सांगितले होते, "मुळी नाय उपटायची. मुळी गेली तर पुढल्या पावसाला काय खाशील?" फोडशीला दांडा येऊन पांढरी फुले लागली की आई खुडणे बंद करते. पानेही तोवर चिवट होतात, हे खरेच.

खुडताना आणखी एक जपावे लागते. कळलावीही याच दिवसांत उगवते आणि तिचा कंद जहरी असतो. तिच्या पानाचे टोक तणाव्यासारखे वळते; फोडशीचे वळत नाही. ओळखणारे माणूस बरोबर नसेल तर बाजारातलीच जुडी घ्यावी.

आता स्वयंपाक. फोडशीच्या बुडाशी माती फार, म्हणून पाने सुटी करून दोन-तीन पाण्यांतून काढावीत. मधला कडक दांडा काढून टाकावा. मग बारीक चिरून, तेलात लसूण, हिरवी मिरची व भरपूर कांदा परतून, भिजवलेल्या मूगडाळीबरोबर वाफेवर शिजवावी. आमच्याकडे डाळीऐवजी फणसाच्या आठळ्या ठेचून घालतात. वरून ओले खोबरे असले तर उत्तम. नसले तरी तांदळाच्या भाकरीशी ती कमी पडत नाही. शतावरीच्या कोंबांना किंचित कडसर चव असते. ते आधी उकळून पाणी टाकून द्यावे, मग कांद्यावर परतावे. मसाला मुळीच घालू नये, असे माझे मत आहे. आजीचे मत वेगळे होते.

आई पावसाळ्यात एस.टी. स्थानकाबाहेर पाटी घेऊन बसते. वीस रुपयांना दोन जुड्या. पूर्वी पाटी शिगोशीग भरे, आता अर्धी भरते. तीन वर्षांपूर्वी पावसाच्या अखेरीस एक व्यापारी मुसळीच्या मुळ्या विकत घ्यायला गावात आला. पाने पिवळी पडायला लागली की मुळ्या भरतात. पाने वाळून गेल्यावर जागा सापडत नाही. म्हणून सगळे गाव कुदळ घेऊन उतारावर गेले. आमचे बाबाही गेले. घरी आम्ही रात्री बसून मुळ्या सोलल्या आणि उन्हात वाळवल्या. आईही सोलत होती. काही बोलली नाही. ते पैसे तिने डब्यात ठेवले आणि पुढच्या जूनमध्ये त्यांतून माझे या महाविद्यालयाचे प्रवेशशुल्क भरले. त्या उतारावर आता गवत आहे.

फोडशी लावता येते. पण मुळीचा नुसता तुकडा पुरल्यास तो कुजतो. मुळ्यांचा घोस ज्या चकतीला चिकटलेला असतो, डोळा त्या चकतीत असतो. म्हणून प्रत्येक मुळीला चकतीचा थोडा भाग ठेवून ती पावसाआधी, पाणी न साचणाऱ्या जागी लावावी. शतावरी बियांपासूनही होते. बी रात्रभर भिजवून पेरावे आणि धीर धरावा, कारण ते फार सावकाश उगवते.

यंदा मेच्या सुट्टीत शेजारच्या काकूंच्या बांधावरून मी चार मुळ्या मागून आणल्या आणि घरामागे लावल्या. तीन फुटल्या. चौथी उकरून पाहिली, तर तिला चकतीच नव्हती. त्या तिघींना यंदा हात लावायचा नाही, असे आईने बजावले आहे.