फॉरमॅट मारण्याआधी

नवा डेस्कटॉप आठवडाभर शहाण्यासारखा चालतो आणि मग बंद पडायला लागतो. कधी निळा पडदा दाखवून, कधी काहीच न सांगता. दुकानात फोन केला की भिवंडीत काय आणि कल्याणला काय, उत्तर एकच : 'शेठ, विंडोज करप्ट झालंय. घेऊन या, फॉरमॅट मारून देतो.' शेठ मशीन नेतात, संध्याकाळी परत आणतात, दोन दिवस बरे जातात आणि नेमकं ई-वे बिल काढताना, खाली गाडी भरून उभी असताना, पडदा पुन्हा काळा.

फॉरमॅटने कधी गुण येतच नाही असं नाही. पण पहिलाच उपाय म्हणून तो मारणं म्हणजे पंचनामा व्हायच्या आधी जागा धुऊन काढणं. कारण विंडोज पडतानाही काहीबाही लिहून ठेवत असतं. सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात 'मिनिडंप' नावाचं फोल्डर असतं. निळा पडदा आला की बहुधा त्यात एक छोटी फाइल पडते. (हा पडदा २०२५ पासून विंडोज ११ मध्ये काळा झाला आहे.) स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' असं टाइप केलं की तारीखवार आलेख उघडतो आणि ज्या दिवशी मशीन पडलं त्या दिवसावर लाल फुली दिसते. फुल्या आणि तारखा आपण वहीत टिपलेल्या नोंदींशी ताडून पाहिल्या तरी पुष्कळ उलगडा होतो : नवा प्रिंटर जोडला तेव्हापासून का, दुपारीच का, गेम किंवा डिझाइनचं सॉफ्टवेअर चालू असतानाच का?

इव्हेंट व्ह्यूअर उघडणाऱ्यांना तिथे हमखास भेटणारी नोंद म्हणजे 'कर्नल-पॉवर ४१'. ती पाहून अनेक कारागीर 'एसएमपीएस गेला', म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा गेला, असा निकाल देऊन टाकतात. ही नोंद एवढंच सांगते की गेल्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. ती लिहिली जाते तीही पुढच्या वेळी चालू झाल्यावर. खरी खूण तिच्या तपशिलात असते. तिथे 'बगचेक कोड' शून्य असेल, तर विंडोजला काही लिहायला सवडच मिळाली नाही : वीज गेली, मशीन जागच्या जागी थिजलं किंवा कोणी बटण दाबून धरलं. कोड शून्य नसेल, तर संकट विंडोजने पाहिलेलं आहे. दोन वाटा इथेच फुटतात.

कोड शून्य असेल, तर भिवंडीत तरी पहिली चौकशी भिंतीतल्या सॉकेटची करावी, मशीनची नंतर.

आपल्याच तालुक्यातल्या पडघ्याला चंद्रपूरहून ७५२ किलोमीटरची एक वीजवाहिनी येते. १९९९ पासून चालू असलेली, ५०० किलोव्होल्टची, आणि विशेष म्हणजे डीसी. पडघ्याला त्या डीसीचं एसी करतात. पुढे उपकेंद्रं आणि ट्रान्सफॉर्मर ओलांडत वीज टेबलाखालच्या एसएमपीएसपर्यंत येते, तर तिथे तिचं पुन्हा डीसी होतं! २३० व्होल्ट एसीचे आत साधारण ३२५ व्होल्ट डीसी, आणि त्यातून १२, ५ आणि ३.३ व्होल्ट. या शेवटच्या टप्प्यावर लाड चालत नाहीत. १२ व्होल्टच्या तारेला पाच टक्के वर-खाली एवढीच मुभा, म्हणजे ११.४ ते १२.६.

भिंतीतली वीज क्षणभर नाहीशी झाली, तर चांगला एसएमपीएस पूर्ण भार असताना सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तनच २० मिलिसेकंदांचं. म्हणजे एक अख्खं आवर्तन चुकलं की खेळ संपला. पंख्याला कळतही नाही, दिवा जरा मिचकावतो, कॉम्प्युटर मात्र बसतो. आता खाली मागांचा कारखाना आणि वर माळ्यावर हिशेबाचं ऑफिस, हे चित्र शांतीनगर किंवा पद्मानगरात कोणालाही ओळखीचं वाटेल. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहापट प्रवाह ओढते. गेलेली वीज आली की ओळीने माग सुरू होतात आणि त्या धक्क्याने व्होल्टेज खाली बसतं. मशीन 'कधीही' बंद पडतं असं सांगणाऱ्याला मी आधी वेळ विचारतो. बऱ्याचदा ती पाळी बदलण्याची असते.

२००७ मध्ये महावितरणने भिवंडीचं वीजवितरण फ्रँचायझीकडे सोपवलं. देशातला तसला पहिला प्रयोग म्हणून त्याची चर्चा होते. पण वितरण कोणाचंही असो, मीटरच्या अलीकडची वायर आपली. आणि आपल्या वायरिंगमध्ये सर्वांत दुर्लक्षित असतं ते अर्थिंग. तीन पिनांचं सॉकेट आहे म्हणून त्यामागे अर्थची तार असेलच असं नाही. अनवाणी पायाने कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मुंग्या आल्या, तर समजावं : एसएमपीएसच्या फिल्टरमधून सूक्ष्म प्रवाह पत्र्याकडे जाणारच, त्याला जमिनीत जायची वाट नाही म्हणून तो तुमच्यातून जातोय. वायरमनला मल्टिमीटर घेऊन बोलवा आणि शेजारी उभे राहा. फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज-अर्थही जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवं. तिथे वीस-तीस दिसले किंवा फेज-अर्थचा आकडा भरकटत राहिला, तर कॉम्प्युटर राहू दे, आधी अर्थिंग. तिसरी पिन कापलेलं एक्स्टेंशन बोर्ड तर सरळ फेकून द्यावं.

घरचा इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस घेतला नाही, असंही पुष्कळ जण सांगतात. बऱ्याच इन्व्हर्टरवर एक छोटा स्विच असतो, एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको. नॉर्मलवर असताना मेनवरून बॅटरीवर जायला त्याला एवढा वेळ लागतो की पंखे-दिव्यांचं भागतं, कॉम्प्युटरचं नाही. स्विच सरकवला की तक्रार मिटली, असं घडतं. आणखी एक खोच : आजकालचे चांगले एसएमपीएस स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लाटेवर कधीकधी रुसतात. अशा वेळी प्योर साइनवेव्हचा यूपीएस घ्यावा लागतो, भांडण दुकानदाराशी करून उपयोग नसतो.

एसएमपीएसबद्दल मात्र दुकानदाराशी भांडावं. असेंबल मशीनच्या कोटेशनमध्ये प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड नावानिशी असतं आणि एसएमपीएसच्या जागी नुसतं 'कॅबिनेट विथ एसएमपीएस'. ४५० वॅटचं लेबल असलेला तो डबा हातात घेतला तर वजनालाच हलका लागतो. ऑफिसच्या कामाला तो चालून जाईल. ग्राफिक्स कार्ड लावलं की उघडा पडतो. ही कार्डं क्षणार्धासाठी ठरल्याच्या दुप्पट वीज ओढू शकतात, इतकी की २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात ही उसळी सोसण्याची अट घालावी लागली. गेम सुरू झाला आणि मशीन खटकन बंद, असं वारंवार होत असेल तर दुसरा भरवशाचा एसएमपीएस लावून बघणं हीच खरी परीक्षा. त्याच्या डब्यात स्क्रूड्रायव्हर घालू नये. प्लग काढल्यावरही आत जीवघेणा भार शिल्लक असतो.

आणि एक फुकटची तपासणी : पॉवरचं बटण. स्वस्त कॅबिनेटात ते आत अडकून बसतं. साधारण चार सेकंद दाबलेलं राहिलं की मशीन सक्तीने बंद होतं, आणि माणूस महागडे पार्ट बदलत बसतो.

'मागांच्या हादऱ्याने तर नाही ना पडत?' हा प्रश्न इथे हमखास येतो आणि तो वेडगळ नाही. २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्समधल्या ब्रेंडन ग्रेग यांनी चालू हार्ड डिस्कच्या ओळीवर तोंड लावून ओरडून दाखवलं. डिस्कचा वेग त्या क्षणी ढासळल्याचं आलेखात दिसलं. मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी २०२२ मध्ये त्याहून मजेदार हकीगत लिहिली : जॅनेट जॅक्सनचं 'रिदम नेशन' वाजवलं की विंडोज एक्सपीच्या काळातले काही लॅपटॉप बंद पडत, शेजारी ठेवलेलासुद्धा, कारण गाण्यातल्या एका स्वराशी आतल्या डिस्कचं कंपन जुळत होतं. पण नव्या मशीनमध्ये विंडोज एसएसडीवर असतं. त्यात फिरणारं काही नाही. हादऱ्याचा संशय सीसीटीव्हीच्या डिस्कवर घ्या. रुईच्या धुळीचंही तसंच : वर्षभराने ती कूलरच्या पात्यांमध्ये नमद्यासारखी बसते, पण आठवड्यापूर्वी आलेल्या मशीनचा तो गुन्हा नव्हे. नवं मशीन तापत असेल तर कूलर उघडून बघा. त्याच्या बुडाची प्लॅस्टिकची फिल्म काढायलाच विसरलेले महाभाग आहेत.

आता दुसरी वाट, जिथे कोड शून्य नाही. इथे पहिला मान रॅमचा. रबराने रॅमचे पाय घासायचा आपल्याकडचा उपाय जुन्या मशीनला लागू पडतो, कारण तिथे खरंच गंज चढलेला असतो. नव्या रॅमला घासून काय मिळणार? तिचा घोटाळा बहुधा वेगाचा असतो. डब्यावर लिहिलेला ६००० हा आकडा रॅमचा मूळ वेग नव्हे. एक्सएमपी किंवा एक्स्पो नावाचं प्रोफाइल बायोसमध्ये चालू केल्यावर मिळणारा तो वाढीव वेग. प्रोफाइल बंद करून दोन-चार दिवस वापरा. पडणं थांबलं तर गुन्हेगार सापडला. नाही थांबलं तर एकेक पट्टी लावून, पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. एकही चूक दिसली तरी ती पट्टी परत द्यायची. 'एक-दोन एरर चालतात' हे ऐकून घेऊ नका. चार खाचांच्या बोर्डावर दोन पट्ट्या बहुधा प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसतात, सलग नाही. आणि डीडीआर५च्या मशीनला पहिल्यांदा चालू होताना रॅम पारखून घ्यायला काही मिनिटं लागू शकतात. पडदा काळा दिसतो म्हणून तेवढ्यात प्लग उपटू नये.

ऑनलाइन मागवलेल्या मशीनला प्रवासही झालेला असतो. मानकोली, राहनाळ, पूर्णा या पट्ट्यातल्या गोदामांमधून देशभर माल जातो. तो ज्या रस्त्यांवरून जातो त्यांचं वर्णन भिवंडीकरांपुढे काय करायचं! किलोभर वजनाचं ग्राफिक्स कार्ड आडवं लटकत येतं आणि खाचेतून केसभर उचललं जातं. प्लग काढून ते एकदा नीट दाबून बसवा, पॉवरची केबल शेवटपर्यंत गेली का पाहा.

पण मशीन जे सांगतं ते तसंच्या तसं खरं धरू नये. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या ताकदवान प्रोसेसरवर गेम पडायचे तेव्हा संदेश यायचा की व्हिडिओ मेमरी अपुरी आहे. लोकांनी ग्राफिक्स कार्डं बदलली, ड्रायव्हर बदलले, विंडोज नव्याने टाकलं. २०२४च्या जुलैत इंटेलने मान्य केलं की प्रोसेसरसाठी गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागितलं जात होतं. त्याने कोअरमधलं घड्याळाचं सर्किट हळूहळू झिजायचं. बायोसच्या अपडेटमधून दुरुस्ती आली, पण ती पुढची झीज थांबवते, झालेली भरून काढत नाही. डब्यातल्या प्रोसेसरची वॉरंटी इंटेलने तीनवरून पाच वर्षं केली. आपल्या बाजाराला यात एक मेख आहे : अनेक असेंबलर डब्याऐवजी 'ट्रे'मधला प्रोसेसर लावतात. थोडा स्वस्त पडतो, पण त्याची वॉरंटी विकणाऱ्याकडे मागावी लागते, कंपनीकडे नव्हे. बिलावर काय लिहिलंय ते घेतानाच वाचावं.

सॉफ्टवेअर निर्दोष असतं असं नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन पाडली. घरगुती पातळीवर दोन अँटिव्हायरस एकत्र नांदवणं, कुठूनतरी आणलेलं क्रॅक विंडोज, जुना ड्रायव्हर, हे नेहमीचे आरोपी. त्यासाठी फॉरमॅट जरूर करा. मात्र मिनिडंपच्या फाइली आधी पेनड्राइव्हवर घ्या, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. रॅम, एसएमपीएस आणि विंडोज एकाच दुपारी बदललं, तर बरं कशाने झालं ते कोणालाच कळत नाही, आणि बिल तिन्हींचं येतं.

दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. पुढे जिल्हा आयोगाकडे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, मशीन दिल्लीहून मागवलेलं असलं तरी. मुदत दोन वर्षं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. पक्कं बिल हवं, त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर हवा. कारखानदारांनी एक ध्यानात ठेवावं : २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू बसत नाही, पोटापाण्यासाठी स्वतः चालवलेल्या धंद्याला तेवढी सवलत आहे. फर्मच्या नावाने जीएसटी क्रेडिट घेऊन आणलेल्या मशीनबद्दल समोरचा वकील पहिला मुद्दा हाच काढतो.