खर्च झाला, पाणी साठलं का?

राज्यघटनेत महालेखापरीक्षकाचं पद बहुधा सर्वांत महत्त्वाचं आहे, असं डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1949 साली घटना समितीत म्हणाले. सरकारी वित्तव्यवस्थेवर त्यांनी प्रबंध लिहिला होता, त्यामुळे या मताला वजन आहे. घटनेच्या 148व्या कलमानुसार हा अधिकारी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाइतक्याच कठीण प्रक्रियेने हटवता येतो, आणि पद सोडल्यावर त्याला दुसरं सरकारी पद घेता येत नाही. उद्याच्या नेमणुकीची आशाच नसेल, तर आज कोणाचं मन राखायचं कारण उरत नाही. मला ही तरतूद फार मोलाची वाटते.

जालना जिल्ह्यातल्या कुंभार पिंपळगावसारख्या गावाला याचं काय? पाणी साठवण्यासाठीच्या राज्य सरकारच्या जलयुक्त शिवार योजनेवर 9,633.75 कोटी रुपये खर्च होऊनही गावं पाण्याबाबत स्वयंपूर्ण होण्यावर आणि भूजल वाढण्यावर फारसा परिणाम झाला नाही, असं 2020 साली विधिमंडळात आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने दाखवलं. लाखो कामांपैकी मोजकीच तपासली, हा त्यावरचा आक्षेप. पण लेखापरीक्षण नमुन्यावरच चालतं. नमुना चुकीचा वाटत असेल तर उरलेल्या कामांची मोजमापं लोकांपुढे ठेवावीत. तपासणीच्या धाकाने अधिकारी सही करायला कचरतात, हेही काही अंशी खरं आहे. मात्र ज्याने निर्णयाचं कारण फाइलवर नोंदवलं, त्याला तीच नोंद वाचवते. खरी अडचण पुढे आहे: लेखापरीक्षकाला शिक्षेचा अधिकार नाही. अहवाल विधिमंडळाच्या लोकलेखा समितीकडे जातो. ग्रामपंचायतीच्या दप्तरावरचे स्थानिक निधी लेखापरीक्षणाचे आक्षेप मात्र ग्रामसभेतच मोठ्याने वाचून घेता येतात.