माशाचा रंग व प्रत

नाशिक जिल्ह्यातील ओझर हे गाव समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पूर्वेस वसले आहे. अशा गावी तळ्यांत व जलाशयांत वाढविलेल्या रोहू, कटला, मृगळ या माशांचाच आधार. जाणते गिऱ्हाईक प्रथम कल्ला उघडून पाहते. तो लालभडक असला, डोळा स्वच्छ व फुगीर असला आणि बोटाने दाबलेले मांस लगेच वर आले, म्हणजे मासा ताजा समजावा. तुकडे केल्यावर मात्र कल्ला राहत नाही, डोळाही राहत नाही; दिसतो तो केवळ मांसाचा रंग.

पण रंग आहारावरही अवलंबून असतो. नॉर्वेतील सॅमन माशाचेच पाहा. (आपला रावस निराळा.) समुद्रात हिंडणारा सॅमन कोळंबीसारखे लहान जीव खातो, त्यांतील अ‍ॅस्टाझँथिन या द्रव्याने त्याचे मांस नारिंगी होते. जाळीच्या पिंजऱ्यात वाढविलेल्या सॅमनला हे द्रव्य खाद्यातून द्यावे लागते. एरव्ही त्याचे मांस फिकटच राहते. त्याचा रंग मोजण्यासाठी २० पासून ३४ पर्यंत अंक घातलेल्या रंगपट्ट्या ठरावीक प्रकाशात मांसाशेजारी धरतात. जुळणाऱ्या पट्टीचा अंक मोठा, तितका रंग गडद. ग्राहक गडद रंगास भुलतो, हे व्यापाऱ्यांस ठाऊक असते. परंतु मासा पाण्याबाहेर काढून किती दिवस झाले, हे त्या अंकावरून कळत नाही. त्यासाठी तुकडा हुंगून व दाबूनच पाहावा लागतो.