समोरचा वारा, आडवा पाऊस आणि कोलाडची सायकल

मिरग लागला की कोलाड परिसरातल्या बऱ्याच सायकली पडवीत जातात आणि थेट नवरात्रात बाहेर निघतात. ज्यांना दुसरा इलाज नाही ते मात्र रोज निघतात. धाटावच्या एमआयडीसीत पाळीवर जाणारे कामगार, आंबेवाडी नाक्यावरच्या दुकानांत कामाला येणारी पोरं, शाळा-कॉलेजची मुलं. रोज रिक्षा परवडत नाही आणि एसटीची वेळ पाळीशी जुळतेच असं नाही. या माणसांना सल्ले देणारे पुष्कळ भेटतात. काही सल्ले उगाच घाबरवतात, काही खोटा धीर देतात, आणि खोटा धीर जास्त घातक. माझं म्हणणं सरळ आहे. कोलाडच्या पावसाळ्यातले बहुतेक दिवस सायकल चालवण्याजोगे असतात. जे थोडे दिवस नसतात ते ओळखता आले पाहिजेत, आणि ते पावसाच्या जोरावरून ओळखायचे नसतात. वारा, वीज आणि वाहतं पाणी या तीन गोष्टींवरून ओळखायचे असतात.

गैरसमज : जाताना वारा समोर, येताना पाठीवर, म्हणजे फिटंफाट

फिटंफाट होत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि हा वेग म्हणजे तुमचा आणि वाऱ्याचा मिळून होणारा. तुम्ही ताशी १५ किलोमीटरने निघालात आणि समोरून ताशी १५ चा वारा असला, तर अंगावर ३० चा वारा येतो. हवेचा विरोध दुप्पट होत नाही, चौपट होतो.

कोलाडहून धाटावकडे, रोह्याकडे जाणारा रस्ता पश्चिमेला जातो. जून ते ऑगस्टमधला वारा नैऋत्य-पश्चिमेचा, म्हणून कामावर जाताना तो तोंडावर येतो आणि घरी येताना पाठीवर. सरळ बसायच्या साध्या सायकलीचा, मध्यम बांध्याच्या माणसाचा ढोबळ हिशेब मांडू. वारा नसताना जेवढ्या कष्टात ताशी १५ चा वेग मिळतो, तेवढ्याच कष्टात १५ च्या समोरच्या वाऱ्यात जेमतेम ९ चा मिळतो, आणि तोच वारा पाठीवर असला की साधारण २३ चा. आठ किलोमीटरच्या वाटेला जाताना ५३ मिनिटं, येताना २१. दोन्ही मिळून ७४. वारा पडलेल्या दिवशी हेच जाणं-येणं ६४ मिनिटांत होतं. वारा दहा मिनिटं खातोच, आणि ती सगळी सकाळच्या घाईत खातो.

यातूनच दुसरी चूक होते. उशीर होतोय म्हणून माणूस दात-ओठ खाऊन नेहमीचा वेग धरायला जातो. वरच्याच वाऱ्यात ताशी १५ चा वेग टिकवायला वारा नसतानाच्या जवळजवळ अडीचपट ताकद लागते. वेग १० वर आणला की ती निम्म्यावर येते, आणि आठ किलोमीटरला जास्तीची लागतात फक्त १६ मिनिटं. म्हणून हलका गियर लावा, कोपर वाकवून अंग थोडं खाली घ्या आणि घरून पाव तास आधी निघा. गियर नसलेल्या काळ्या सायकलीवर उभं राहून पेडल मारू नका. उभं राहिलात की वाऱ्याला अडायला अंग अधिक मिळतं.

नेदरलँड्समधल्या ओस्टरस्खेल्डे बंधाऱ्यावर समोरच्या वाऱ्याविरुद्ध सायकल चालवण्याची स्पर्धा होते. पहिली २०१३ मध्ये झाली. अंतर साडेआठ किलोमीटर, म्हणजे आपल्या कामगाराच्या एका फेरीएवढं, आणि सायकल सगळ्यांना एकाच गियरची, सरळ हँडलची. तिथे जिंकणारेही धापा टाकत पोचतात. तेव्हा वाऱ्यात दमणाऱ्याला कुणी कमकुवत म्हणू नये.

गैरसमज : खरा धोका समोरच्या वाऱ्याचा

समोरचा वारा दमवतो, आडवा वारा पाडतो. मुंबई-गोवा महामार्ग नागोठणे, खांब, कोलाड, इंदापूर असा साधारण उत्तर-दक्षिण जातो. रोहा रस्त्यावर तोंडावर येणारा तोच पावसाळी वारा महामार्गावर बाजूने येतो. हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे.

तुम्ही कोलाडहून इंदापूरकडे निघालात. रस्त्याच्या डाव्या कडेला आहात आणि वारा उजवीकडून येतोय. तोल राखायला शरीर आपोआप उजवीकडे, वाऱ्यावर रेलतं. मागून ट्रेलर येतो. त्याचं तोंड जवळ येताच हवेचा एक धक्का तुम्हाला बाहेर ढकलतो. मग ट्रेलर तुमच्या आणि वाऱ्याच्या मध्ये येतो, वारा एकदम बंद होतो. ज्यावर रेलला होतात तो आधारच गेला, म्हणून सायकल उजवीकडे, ट्रेलरच्या चाकांकडे झुकते. ट्रेलर पुढे निघाला की वारा पुन्हा सपकन लागतो आणि तुम्हाला डावीकडे चिखलात लोटतो. हे सगळं दोन-तीन सेकंदांत घडतं. नागोठण्याकडे जाताना वारा डावीकडून येतो आणि कडेच्या माणसाला सरळ रहदारीत ढकलतो.

यावर उपाय ताकदीचा नाही. हँडल आवळून धरू नका. आवळलेल्या हातांतून प्रत्येक झोत पुढच्या चाकापर्यंत पोचतो. वेग कमी ठेवा. हँडलला आरसा लावा. फार खर्चाची वस्तू नाही, पण ट्रेलर येतोय हे अर्धा मिनिट आधी कळलं तर उतरून उभं राहता येतं. उतरण्यात कमीपणा नाही. पनवेल-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि दशक उलटलं तरी रखडलेलंच राहिलं. त्याचे खड्डे, अर्धवट कडा आणि वळवलेले रस्ते सायकलवाल्याने वर्षानुवर्षं सोसले आहेत. अशा रस्त्यावर वाऱ्याशी पैज लावायची नसते.

जड सायकल वाऱ्यात स्थिर राहते, हेही अर्धंच खरं. चालवणाऱ्याचं वजन सायकलीच्या तीन-चार पट असतं, त्यामुळे सायकलीच्या पाच-सात किलोंच्या फरकाने फारसं काही होत नाही. वारा धरतो तो पसारा. कॅरियरवर उंच बांधलेली पिशवी, फडफडणारा घोळदार रेनकोट. पायापर्यंतचा सैल पोंचो आडव्या वाऱ्यात शिडासारखा भरतो. अंगासरशी बसणारं जॅकेट आणि पँट घ्या, डबा खाली आणि घट्ट बांधा. एका हातात छत्री धरून सायकल चालवण्याबद्दल एवढंच सांगतो, की त्या हाताकडचा ब्रेक त्या वेळी तुमच्याकडे नसतो.

गैरसमज : जितका मोठा पाऊस, तितका रस्ता निसरडा

उलट, सर्वांत फसवा असतो तो पहिला पाऊस. उन्हाळाभर डांबरावर साचलेलं तेल, धूळ आणि टायरचं घासलेलं रबर पहिल्या हलक्या सरीत ओलं होऊन बुळबुळीत थर तयार होतो. चांगली झड लागून रस्ता धुऊन निघाला की पकड बरीच सुधारते. मध्ये आठ दिवस उघडीप मिळाली की पुन्हा तीच गत.

टायरला खोल नक्षी हवी, नाहीतर सायकल पाण्यावर तरंगते, असंही सांगितलं जातं. मोटारीचं रुंद टायर वेगात पाण्यावर तरंगू शकतं. सायकलचं टायर अरुंद, गोल आणि जास्त दाबाचं असतं, ते पाणी बाजूला सारत जमिनीला टेकतं. आपल्या वेगाला ते तरंगत नाही. नक्षी उपयोगी पडते ती मातीत, चिखलात. डांबरावर पाडणाऱ्या गोष्टी वेगळ्या. पांढरे-पिवळे पट्टे, लोखंडी जाळ्या, फाटकातले रूळ, सावलीतल्या कडेचं शेवाळ. रूळ काटकोनात ओलांडा आणि शेवाळावर ब्रेक लावू नका.

ब्रेकचं सांगायलाच हवं. चकचकीत क्रोमच्या लोखंडी रिमवर, ओल्या असताना, रबराची पकड अगदीच कमी होते. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींना बहुतेक हीच रिम असते. ओल्यात चाकाचे पहिले काही फेरे रिम पुसण्यात जातात आणि मग ब्रेक लागतो. म्हणून उतारावर आधीपासून हलका ब्रेक धरून ठेवायचा, आणि ब्रेकची रबरं पावसाळ्याआधी बदलून घ्यायची.

गैरसमज : रबरी टायर असल्यामुळे सायकलवर वीज पडत नाही

हा गैरसमज जीव घेणारा आहे. ढगापासून जमिनीपर्यंत कैक किलोमीटर हवा फोडून आलेल्या विजेला इंचभर रबर काय अडवणार? मोटारीत माणूस वाचतो तो टायरमुळे नाही. भोवतालच्या धातूच्या टपातून वीज जमिनीत जाते म्हणून वाचतो. सायकलवाला मोकळ्या रस्त्यावर, शेतांच्या मधोमध, भोवतालच्या सगळ्यात उंच असतो.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा, तितके किलोमीटर ती दूर आहे. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर सायकल सोडून पक्क्या इमारतीत, एसटीत किंवा बंद गाडीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. आंब्याखाली उभं राहणं सर्वांत वाईट. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं. ते फोनमध्ये असू द्या.

कोकणात विजांचा जोर असतो तो मे-जूनच्या वळवात आणि परतीच्या पावसात, ऑक्टोबरला. जुलै-ऑगस्टच्या संततधारेत त्या मानाने कमी. म्हणून हवामान विभागाच्या इशाऱ्याचा रंग पाहण्याआधी त्याखालची ओळ वाचा. पिवळा म्हणजे काही नाही आणि नारिंगी म्हणजे घरी बसा, असा सोपा अर्थ लावला जातो. रंग सांगतो तयारी किती ठेवायची ते, कशाची ते मजकूर सांगतो. मे महिन्यातल्या पिवळ्या इशाऱ्याखाली अनेकदा ‘विजांसह, ताशी ४० ते ५० किलोमीटर वाऱ्याची शक्यता’ असं असतं. सायकलवाल्यासाठी हा दिवस जुलैमधल्या एखाद्या नारिंगी दिवसापेक्षा वाईट. ‘मुसळधार’ म्हणजे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर. तो दिवसभर विखरून पडला तर मधल्या उघडिपीत घरी पोचता येतं.

वाऱ्याचा आकडा साधारणपणे मोकळ्या जागी, १० मीटर उंचीवरचा असतो. गावात तो कमी लागतो, सुकेळी खिंडीसारख्या अरुंद जागी जास्त. आकडा नसला तर झाडांकडे पाहा. पानांनी भरलेली लहान झाडं डोलू लागली की वारा तिशीच्या पुढे आहे. छत्री सांभाळणं कठीण झालं की चाळिशीच्या पुढे. डहाळ्या तुटू लागल्या की साठ ओलांडलेत. माझ्या मते छत्री उलटवणारा वारा ही सायकलची हद्द. त्यापुढे पायी किंवा एसटीने.

गैरसमज : समुद्र लांब आहे, वादळ कोलाडपर्यंत येत नाही

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला ताशी १०० ते ११० किलोमीटर वेगाने, १२० पर्यंतच्या झोतांसह किनाऱ्यावर आलं आणि ईशान्येकडे आत सरकलं. रोहा, माणगावच्या घरांवरचे पत्रे, बागा आणि विजेचे खांब त्याने आडवे केले. ११० चा वारा २० च्या वाऱ्यापेक्षा साडेपाच पट वेगाचा असतो, पण अंगावर जोर पडतो तीसपट. आणखी एक. वादळाचं केंद्र डोक्यावर आलं की वारा पडतो, आभाळ निवळल्यासारखं वाटतं, आणि मग उलट्या दिशेने पुन्हा सुरू होतो. त्या शांततेत ‘चला, गेलं’ म्हणून सायकल काढायची नाही. वादळ खरंच गेल्यावरही लोंबत्या फांद्या आणि पडलेल्या तारा उचलल्या जाईपर्यंत थांबायचं.

गैरसमज : गुडघाभर पाण्यातून सायकल ढकलत नेता येते

वेगाने वाहणारं १५ सेंटिमीटर पाणीसुद्धा मोठ्या माणसाचे पाय उचलू शकतं. हातात सायकल असली तर तिच्या चाकांना, फ्रेमला आणि पिशव्यांना पाणी अडतं आणि ओढ वाढते. साकवावरून पाणी जात असेल तर परत फिरा.

कुंडलिका तर पावसाशिवायही वाढते. मुळशीचं पाणी १९२७ पासून भिऱ्याच्या वीजकेंद्रातून या नदीत उतरतं. वीज तयार झाली की पाणी येतं, आणि त्याच पाण्यावर इथलं राफ्टिंग चालतं. वर आभाळ कोरडं दिसलं म्हणून नदीकाठच्या बुडत्या वाटेवर विश्वास टाकू नये. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन नद्यांच्या पातळ्या जाहीर करतं. कुंडलिकेची धोक्याची पातळी डोलवहाळला २३.९५ मीटर आहे.

भिजलं की ताप येतो, ही भीती मात्र सोडून द्यायला हरकत नाही. सर्दी-ताप विषाणूंनी येतो, पावसाच्या थेंबांनी नाही. काळजी करायची ती साचलेल्या पाण्याची. उंदरांच्या, गुरांच्या मूत्रातून त्यात येणारे लेप्टोचे जंतू पायावरच्या लहानशा जखमेतून शरीरात शिरतात. अशा पाण्यातून चालून आल्यावर पाय साबणाने धुवा, जखम झाकून ठेवा, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना पाण्यातून गेल्याचं आवर्जून सांगा.

एक विनंती कंपन्यांच्या, दुकानांच्या आणि शाळांच्या चालकांना. सायकलींसाठी छप्पर असलेला स्टँड आणि ओले कपडे बदलायला एक खोली द्या. आणि वाऱ्याचा किंवा विजेचा इशारा असलेल्या दिवशी वाटेत आडोशाला थांबल्यामुळे उशिरा आलेल्या माणसाचा अर्धा दिवस कापू नका.