माशा मोजून पोट भरतं का?



गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर उसाच्या नोंदीची चौकशी करायला गट ऑफिसात बसलो होतो. शेजारचे एक सभासद म्हणाले, "सर, आमची थोरली तुमच्याच कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला हाय. म्हणती, उन्हाळ्यात दोन महिने बेंगळूरला जाऊन माशांचा अभ्यास करायचाय. आता माशा मोजून पोट भरतं का?" सगळे हसले, मीही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता.

आधी आपल्याच फडातले उदाहरण घेऊ. २००२ साली सांगली भागात उसावर पांढरा लोकरी मावा आला आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्रभर पसरला. पानाखाली पांढरा थर, पानावर काळी बुरशी. फवारणी करून माणसे थकली. उंच वाढलेल्या उसात पंप घेऊन शिरणार तरी कसे? शेवटी आधाराला आले ते मावा खाणारे किडे, डिफा आणि मायक्रोमस. हे किडे असलेली पाने आपण या फडातून त्या फडात नेऊन बांधली, हे अनेकांना आठवत असेल. पण कोणता किडा कोणाला खातो, किती दिवसांत वाढतो, हे कोणीतरी आधी बसून मोजले होते, म्हणूनच ते जमले. खोडकिडीसाठी आपण ट्रायकोकार्ड लावतो, त्याचेही तसेच. माशा मोजणारांनीच आपला ऊस राखला, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

सजीवांचे एकमेकांशी आणि माती-पाण्याशी असलेले नाते तपासणारे हे शास्त्र म्हणजे परिसर विज्ञान, ज्याला इकॉलॉजी म्हणतात. बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९८३ साली या शास्त्राचे केंद्र सुरू झाले. ते उभे करणारे डॉ. माधव गाडगीळ आपल्या पुण्याचे. त्याआधी सत्तरच्या दशकात त्यांनी वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्यासह महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला होता. याच केंद्रात डॉ. राघवेंद्र गडगकर यांनी वळचणीला कागदी पोळे करणाऱ्या गांधीलमाशीवर वर्षानुवर्षे काम केले. प्रत्येक माशीला रंगाचा ठिपका द्यायचा आणि ती काय करते ते वहीत टिपायचे. राणी काढून घेतली की एक कामकरी माशी लगेच आक्रमक होते आणि पुढे तीच राणी बनते. ती कोण हे माणसाला आधी ओळखता येत नाही. पोळ्यातल्या माशांना मात्र आपला वारस ठाऊक असावा, असे त्यांच्या प्रयोगांतून दिसले.

अशा प्रयोगशाळेत आपल्या मुलांनी शिरायचे कसे? देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दरवर्षी उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. निवड झाली की मूल दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करते. दरमहा विद्यावेतन आणि रेल्वेचे जाण्या-येण्याचे भाडे मिळते. अर्जात गुणांसोबत, आपल्याला काय शिकायचे आहे हे मुलाने स्वतः लिहायचे असते, आणि शिक्षकाचे शिफारसपत्र लागते. पुढे एम.एस्सी. करून राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून संशोधनवृत्ती मिळाली, तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये मिळतात, घरभाडे वेगळे. तेव्हा पोट भरते. मात्र जागा थोड्या, वर्षे पुष्कळ, आणि शेवटी कायम नोकरीची हमी नाही, हेही पालकांनी जाणून असावे.

तिथे काम काय असते? पहाटे उठून निरीक्षण, मातीचे नमुने चाळणे, किडे ओळखणे, आणि न कंटाळता वही लिहिणे. सरीत पाणी फिरवत रात्र काढलेल्या घरातल्या मुलांना हे जड जाऊ नये. उलट कोणत्या पिकावर कधी काय पडते हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेले असते. शहरातल्या मुलाला हे पुस्तकातून शिकावे लागते.

आता एक कबुली. अर्जाची मुदत नेमकी दिवाळीनंतर, तोडीच्या धांदलीत येते. त्या मुलीने अर्ज तयार करून शिफारसपत्र माझ्याकडे मागितले. माझ्याही उसाला तोड आली होती. "उद्या देतो" म्हणत मी चार दिवस घालवले आणि मुदत टळली. ती काही बोलली नाही. वडील एवढेच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या सर, तोडीचे दिवस म्हटल्यावर व्हायचंच." ते ऐकून मला जास्त लागले. आपला ऊस चार दिवस वाळला तर आपण चिटबॉयशी भांडतो, आणि पोरीचे वर्ष वाया गेले तर कोणी चकार शब्द काढत नाही.

यंदा तिने पुन्हा अर्ज भरला आहे. पत्र मी मुदतीच्या पंधरा दिवस आधी दिले. निवड होईल, न होईल. आपल्या घरात असे मूल असेल तर आताच त्याच्या शिक्षकांना भेटा, चालू वर्षाचे नियम आणि मुदत विचारा आणि तारीख उसाच्या नोंदीच्या पावतीशेजारी भिंतीला लावून ठेवा. तोडीचे चार दिवस मागेपुढे झाले तर चालतील, पण ती तारीख चुकवू नका.